वरच्या टोल्याची मुनादी

मोहझरीत कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या घरी मयत झाली, रेशनची गाडी आली, की लोक आधी हिरालाल रामटेकेच्या दाराशी येत. हिरालाल गावचा कोटवार. बालाघाटकडे कोटवार म्हणजे गावातला सरकारचा सगळ्यात खालचा माणूस. पोलीस थाण्यात आठवड्याची हजेरी लावायची, जन्म-मृत्यूची नोंद लिहून द्यायची, समन्स घरोघरी पोचवायचे, आणि सरकारी खबर असली की गळ्यात डफडं अडकवून गल्लोगल्ली हाळी द्यायची. त्या हाळीला तिकडे मुनादी म्हणतात.

हिरालालचा आवाज असा खणखणीत, की तो पिंपळाखाली उभा राहून बोलला तरी नाल्यापलीकडच्या बायका धुणं थांबवून ऐकत. त्याचा आजा भंडाऱ्याकडून उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला आला. बाप खाण सोडून मोहझरीत आला आणि कोटवार झाला. बापानंतर हिरालाल. तो आठवी शिकलेला, हिंदी कागद घडाघडा वाचणारा. रविवारी विहारात वंदना घ्यायची तीही त्यानंच. पत्र्याच्या खोलीतून त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. सव्वीस वर्षांत त्याच्या तोंडून खोटी खबर गेली नव्हती. "कोटवार बोलला ना? मंग झालं," असं लोक म्हणत, आणि हिरालालला ते ऐकू आलं की त्याची मान जरा ताठ होई.

मोहझरी म्हणजे एक गाव नव्हे, दोन. खालचं गाव रस्त्याला लागून. तिथे पोवार आणि मरारांची भातशेती, शाळा, पंचायत आणि बौद्धांची वीसेक घरं. वरचा टोला, म्हणजे वरची वाडी, तिथून दोन कोस वर, सालवृक्षांच्या जंगलातून चढत गेलं की सोनझर नदीच्या काठी. गोंडांची त्रेसष्ट घरं. वाटेत नाला दोनदा ओलांडावा लागे. हिरालाल पाय सुजलेला असतानाही मुनादी घेऊन वर गेला होता. त्याला कारणही होतं. त्याची मुलगी आम्रपाली जन्मली त्या पावसाळ्यात नाल्याला कमरेएवढं पाणी होतं, जीप येईना, आणि त्याची बायको तुळसाबाई दीड दिवस अडलेली. तेव्हा वरच्या टोल्याची सुईण जिजाबाई उईके पाण्यातून उतरून आली होती. ओल्या लुगड्यानिशी तिनं पोरगी सोडवली, चुलीपाशी बसून अंग शेकलं आणि परत पाण्यात शिरून गेली. आता आम्रपाली वारासिवनीला सासरी होती, तिला स्वतःचं लेकरू होतं. पण हिरालाल अजून जिजाबाईला काकी म्हणे आणि वर गेला की तिच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय उतरत नसे.

मग धरणाची गोष्ट निघाली. इंजिनियर आले, दुर्बिणी लावून गेले, सालाच्या बुंध्यांवर लाल रंगानं आकडे पडले. बांध बांधायचा तो वरच्या टोल्याच्या खालच्या अंगाला. म्हणजे टोला, त्याची शेतं, बडादेवाचं साजाचं झाड, पूर्वजांना पुरलेली जागा, सारं पाण्यात. आणि कालवा निघणार तो खालच्या गावाकडे. खालच्या गावात लोक दुसऱ्या पिकाची भाषा करू लागले. वर लोक त्या लाल आकड्यांवर शेण थापू लागले.

त्या भागाचा कायदा असा, की जमीन घ्यायची तर आधी ग्रामसभेला विचारलं पाहिजे, आणि ग्रामसभा म्हणजे सगळ्या टोल्यांतले लोक, मुनादी देऊन बोलावलेले.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च होता. मोहफुलं वेचायचे दिवस सुरू झाले होते. पंचायतीचा सचिव गजेंद्र यानं हिरालालला बोलावणं पाठवलं. गजेंद्र त्याच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण एकेरीत बोलायचा; त्याचं हिरालालला काही वाटत नसे. तो नेहमीसारखा दाराच्या चौकटीशी उभा राहिला.

"उभा काहून हायेस? बैठ ना. कुर्सीवर बैठ."

त्या खोलीत हिरालाल कधी खुर्चीवर बसला नव्हता. बसू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. बस असंही कोणी म्हटलं नव्हतं. बाप तर तिथे उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा. हिरालाल बसला. चहा आला तो कपबशीतून आला.

"शनिवारी ग्रामसभा हाय, बांधाची," गजेंद्र म्हणाला. "खाली मुनादी देऊन टाक."

"आन् वरतं?"

"वरतं जाऊन काय करतं? सारे मोहाखाली असन. कोन येते? उगाच पाय तोडशीन. त्याहिचं मी पाहून घेतो."

"पन सचिवजी, पानी तर त्याहिच्याच घरात—"

गजेंद्र हसला. "हिरालाल, तू समजदार आदमी हायेस. म्हनून तर तुले बसवलं."

पुढे हिरालालनं कितीदा स्वतःला समजावून पाहिलं, की आपल्याला तेव्हा कळलंच नव्हतं. पण कळलं होतं. कप खाली ठेवायच्या आत कळलं होतं. त्यानं उरलेला चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला, "बरं."

गुरुवारी त्यानं खालच्या गावात मुनादी दिली. शेवटच्या घरापुढे जंगलाची पायवाट सुरू होते, तिथे तो थांबला. वर चढायचं नाही म्हटल्यावर गुडघ्यांना बरं वाटलं. तेवढंच आठवून पुढे त्याला रात्रंदिवस लाज वाटायची होती: की त्या वेळी त्याला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं.

शनिवारी सभा झाली. चाळीस-पंचेचाळीस माणसं आली, सारी खालची. वरचं एकही नव्हतं. गजेंद्रनं ठराव भरभर वाचला, कोणी टाळी वाजवली, समोसे वाटले. शेवटी त्यानं एक कागद हिरालालपुढे सरकवला. "समस्त टोलों-मजरों में मुनादी कराई गई," असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली कोटवाराच्या सहीची जागा. हिरालालनं ते वाचलं. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग त्यानं सही केली.

वर्षभर काही झालं नाही. हिरालालनंही ते मनाच्या कोपऱ्यात सारून दिलं. पुढच्या फेब्रुवारीत जमीन घेण्याच्या नोटिसा आल्या. त्रेसष्ट घरांच्या त्रेसष्ट. आणि त्या पोचवायच्या कोणी? कोटवारानं.

तो वर गेला तेव्हा जिजाबाईच्या अंगणात बायका चिंचा फोडत बसल्या होत्या. त्या टोल्याची रीना मरावी बैहरला कॉलेजात शिकत होती, सुटीला घरी आली होती. तिनं एक नोटीस मोठ्यानं वाचली. ग्रामसभेनं एकमतानं मंजुरी दिली आहे, असं त्यात होतं. तारीखही होती.

"कोनती ग्रामसभा?" जिजाबाई म्हणाली. "आमाले तं कोनी बोलावलं नाई."

एक म्हातारा उठला. "कोटवारानं मुनादीच देली नसन! पूछो उसको!"

 हिरालालला वाटलं, आता झालं. त्याच्या आतून काहीतरी सुटलंही, की चला, हे आता बाहेर पडेल आणि आपल्या हातात काही राहणार नाही. पण जिजाबाई त्या म्हाताऱ्यावरच उलटली.

"चूप बैठ! हिरालालवर बोट दाखवतं? पानी असो, पाऊस असो, हा मानूस वरतं आल्याबिगर राह्यला का कधी? मोहाचे दिवस होते. आपनच जंगलात असन. ऐकू नाई आलं आपल्याले." मग ती हिरालालकडे वळली. "तू मनाले लावून घेऊ नको गा. बुढा हाय तो. पानी पी."

तिनं लोटा पुढे केला. हिरालालनं तो घेतला. सव्वीस वर्षांत प्यायला तसा तो वरून ओतून घटाघट प्यायला, आणि "हौ काकी" म्हणून नोटिसा वाटायला पुढच्या घरी गेला. त्रेसष्ट घरी गेला. एकेका घरी लोक त्याला म्हणत होते, आमचीच चुकी झाली, भाऊ, आम्ही ध्यान दिलं नाही.

रीना गप्प बसली नाही. तिनं अर्ज करून त्या सभेच्या रजिस्टरची नक्कल मागवली. नक्कल यायला चार महिने लागले. ती आली तेव्हा त्यात वरच्या टोल्याच्या एकाहत्तर माणसांचे अंगठे निघाले, आणि त्यातला एक जिजाबाईच्या नवऱ्याचा, मोतीलाल उईकेचा. मोतीलाल त्या सभेच्या आधीच्या पावसाळ्यात वारला होता.

जिजाबाई खाली आली ती सरळ हिरालालच्या घरी. तुळसाबाईनं तिला खाटेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं. जिजाबाईचा आवाज शांत होता.

"हिरालाल, आमच्या बुढ्याची मौत तूच लिहून देलती ना थान्यात? तारीख सांग."

हिरालालनं आपली वही काढली. सतरा ऑगस्ट. ती त्याच्याच हातची नोंद. मोतीलालच्या मातीला तो स्वतः गेला होता, खांदा दिला होता.

"मेलेल्या मानसानं अंगठा देला म्हन्ते," जिजाबाई म्हणाली. "माह्या बुढ्याले तं जित्तेपनी कोनी इचारलं नाई कधी. आन् मेल्यावर घर बुडवाले त्याचा अंगठा घेतला." तिनं वहीतल्या त्या ओळीवर बोट टेकवलं. "तू हायेस म्हनून बरं हाय. तुही वही खरी हाय."

ती गेल्यावर तुळसाबाईनं उंबऱ्यात बसूनच विचारलं, "मुनादी देलती का तुमी वरतं?"

पस्तीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी फार बोलला नव्हता, पण खोटंही बोलला नव्हता.

"नाई."

"आन् सही?"

"केली."

जिजाबाई पाणी प्यायली तो लोटा तिनं उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माह्यी पोरगी तिच्या हातावर झाली."  त्या दिवसापासून तिनं बाजारात जाणं सोडलं, कारण बाजाराला वरच्या टोल्याच्या बायका येत. मीठ-मिरची आणायला हिरालालच जाऊ लागला.

रीनानं तक्रार दिली आणि चौकशी लागली. एसडीएम साहेब पंचायतीत आले. वरचा टोला झाडून खाली उतरला होता; माणसं अंगणात मावेनात. अंगठ्यांवरून गजेंद्रनं कानावर हात ठेवले: गर्दी होती, कोणी कोणाच्या नावापुढे अंगठा लावला असेल, आपल्याला काय माहीत. मग साहेबांनी विचारलं, "कोटवार कौन है?"

आदल्या दिवशी गजेंद्रनं हिरालालला गाठलं होतं. धमकी दिली नव्हती. फक्त म्हणाला होता, "सही तुही हाय, ध्यानात ठेव. मी बुडलो तं तू आधी बुडशीन. कोटवारी जाईन, कोटवारीची जमीनबी जाईन. पोलीस केस होईन. या उमरीत कुठी जातं?"

हिरालाल वर्दी घालून, बिल्ला लावून पुढे झाला.

"वरच्या टोल्यात मुनादी केली होती?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

अंगणात कोणाच्या तरी कडेवरचं लेकरू नाक ओढत होतं. हिरालालनं समोर पाहिलं. जिजाबाई पहिल्या ओळीत बसली होती. ती त्याच्याकडे काळजीनं पाहत होती, जशी परीक्षेला बसलेल्या पोराकडे आई पाहते.

"की थी, साहब," हिरालाल म्हणाला.

आवाज खणखणीत निघाला. नेहमीसारखाच.

जिजाबाईनं मान खाली घातली. तिला राग आला नव्हता. तिला पटलं होतं. मुनादी झाली होती आणि आपण ऐकली नव्हती. साहेबांनी लिहून घेतलं, की सभेची सूचना रीतसर दिली गेली होती. अंगठ्यांची वेगळी तपासणी होईल. लोक पायवाटेनं वर निघून गेले. त्या रविवारी विहारात वंदना घेताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, हिरालालला ठसका लागला. लोक थांबले. त्याला पुढचे शब्द आठवेचनात. शेवटी मागच्या ओळीतल्या एका बाईनं ते पुरे केले. पुढच्या रविवारी तो गुडघ्याचं निमित्त सांगून गेलाच नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर हिरालाल कदाचित ती तशीच घेऊन मेला असता. मन मारून जगणारी माणसं काही कमी नसतात. पण त्याच्या खोट्याचा भार दुसऱ्याच माणसावर जाऊन पडला.

पंचायतीत वरच्या टोल्याचा सदस्य, म्हणजे पंच, होता वीरेंद्र मरकाम. पस्तिशीचा, मितभाषी माणूस. टोल्यातले लोक विचार करू लागले: मुनादी झाली, हे कोटवारानं साहेबापुढे सांगितलं. हिरालाल खोटं बोलायचा नाही. मग सगळा टोला जंगलात असेल, पण पंचाला तर सभेचं कळलंच असणार. त्यानं का सांगितलं नाही? त्यात वीरेंद्रनं सभेनंतरच्या हिवाळ्यात जुनी मोटारसायकल घेतली होती. झालं. धरणाच्या ठेकेदारानं दिली असणार, असं एक बोलला आणि दहांनी मान डोलावली. वीरेंद्रनं देवाची शपथ घेतली, बडादेवाच्या झाडाला हात लावला, तरी कोणी ऐकलं नाही. टोल्यानं त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरचा विस्तव बंद, पाणी बंद, लग्नाचं बोलावणं बंद. त्याची बायको दोन पोरं घेऊन माहेरी गेली आणि वीरेंद्र उकव्याला खाणीत मजुरीला लागला.

हे सगळं हिरालालला नोंदी लिहिता लिहिता तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तरी तो गप्प होता. एकदा थाण्याच्या कामानं तो उकव्याला गेला आणि बैहरच्या बसची वाट बघत उभा होता, तर समोरून वीरेंद्र आला. अंगभर काळी धूळ, डोळे लाल. हिरालालला वाटलं कुठेतरी वळावं, पण वळायला जागा नव्हती.

वीरेंद्र जवळ आला, वाकला आणि त्याच्या पायाला हात लावला.

"काका, बरे हा ना?"

"हौ. तू?"

"हाय असाच." मग तो जरा घुटमळला. "काका, तुमाले एक इचारू? मुनादी देली त्या दिवशी तुमी माह्या घरापुढून गेलते का? मी लय आठवून पाह्यतो. त्या दिवशी मी घरीच होतो, पोराले ताप होता. मंग मले ऐकू काहून नाई आलं? कधी कधी वाट्टे, लोकं म्हन्ते तेच खरं असन. मी ऐकलं असन आन् इसरलो असन. असं होते का, काका?"

बस आली. कंडक्टर ओरडला. हिरालालनं वीरेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि बसमध्ये चढला. चढून खिडकीशी बसला, पण पहिल्याच थांब्यावर उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. एक माणूस आपल्या खोट्यापायी स्वतःच्या कानांवरचा, स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा घालवून बसला होता. आणि तो आपल्याच पाया पडत होता.

हिरालाल घरी आला तो जेवला नाही. सकाळी त्यानं साधा सदरा घातला. वर्दी खुंटीला तशीच राहू दिली. तुळसाबाईनं विचारलं, "कुठी?"

"वरतं."

 तिनंही चपला पायात घातल्या आणि मागोमाग निघाली. वर्ष उलटून गेल्यावर ती पहिल्यांदा त्या वाटेला लागली.

बडादेवाच्या झाडाखाली टोल्याची बैठक भरायची. हिरालालनं जिजाबाईला सांगून लोक बोलावले. चाळीस-पन्नास जण जमले. तो उभा राहिला. सव्वीस वर्षं ज्या आवाजानं गाव हलवलं, तो आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. त्याचे ओठ हलले, पण पहिल्या ओळीच्या पुढे काही पोचलं नाही.

"जोरानं बोल!" मागून कोणी ओरडलं. "ऐकू नाई येत!"

"मी मुनादी देली नोती," हिरालाल म्हणाला.

"काय म्हन्ते?"

"मुनादी देली नोती मी! वरतं आलोच नाई. सचिवानं नको म्हटलं आन् मी नाई आलो. मले कुर्सीवर बसवलं त्यानं, चाय देला. मले बरं वाटलं. कागद वाचला मी, आन् सही केली. साहेबापुढं खोटं बोललो. वीरेंद्रचा काही दोष नाई. तुमचा कोनाचाच नाई. तुमाले ऐकू आलं नाई, कारन आवाजच नोता."

 एकदम सगळे बोलू लागले. तो म्हातारा पुढे आला आणि हिरालालच्या पायाशी थुंकला. एका तरुणानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं सोडवली. रीना रडत होती आणि रडता रडताच फोनवर त्याचं बोलणं पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हणत होती. तुळसाबाई मागे झाडाला टेकून उभी होती, पदर तोंडावर धरून.

जिजाबाई बसूनच होती. गोंगाट कमी झाल्यावर ती म्हणाली, "मी तुह्यासाठी भांडली. माह्या टोल्याशी भांडली."

"हौ काकी."

"दीड साल मी माह्या कानावर शक घेतला. वाटलं, बुढी झाली मी, बहिरी झाली." ती उठली. "आता काकी नको म्हनू."

ती घरात गेली. त्या दिवशी कोणी त्याला पाणी विचारलं नाही, आणि त्यानं मागितलं नाही. दोघं नवरा-बायको नाल्यावर थांबले, ओंजळीनं पाणी प्यायले आणि खाली आले.

पुढच्या आठवड्यात रीनाबरोबर बैहरला जाऊन हिरालालनं स्टँप कागदावर हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करून दिला. काय झालं, कोणी सांगितलं, कुठे सही केली, सारं. वकिलानं दोनदा विचारलं, "यानं तुमच्यावरच केस होईल, समजतं ना?" त्यानं मान हलवली. गजेंद्रचं नाव सांगताना त्याला बरं वाटत नव्हतं, आणि त्याचंही त्याला नवल वाटलं. एवढं होऊनही त्या माणसानं आपल्याला बसवलं होतं, ही गोष्ट मनातून जात नव्हती.

व्हायचं ते झालं. कोटवारी गेली, तिच्याबरोबर सेवेची जमीन गेली. खोट्या सहीची केस लागली ती अजून चालू आहे. गजेंद्रची दुसऱ्या पंचायतीत बदली झाली, इतकंच. जुना ठराव रद्द झाला आणि नव्यानं सभा लागली, या वेळी वरच्या टोल्यातच. शंभरावर हात धरणाच्या विरोधात वर गेले. धरण मात्र पुसलं गेलं नाही. कागद वरच्या ऑफिसात कुठेतरी पडून आहे, आणि मधूनच एखादी जीप येऊन नदीचं पाणी मोजून जाते. खालच्या गावात काही लोक हिरालालला बघून तोंड फिरवतात: यानं आमचा कालवा बुडवला. म्हणजे वरून गेला तो गेला, खालूनही गेला. आता तो पोवारांच्या भाताच्या बांधीत रोजीनं रोवणी-कापणी करतो. छप्पनाव्या वर्षी चिखलात वाकताना गुडघे कुरकुरतात.

वीरेंद्रला टोल्यानं परत घेतलं. माफी मागायला सगळे गेले, कोंबडं कापलं, पंगत बसली. बायको-पोरं आली. त्याचे आणि हिरालालचे रस्ते महिन्यातून एकदा तरी ओलांडतात. वीरेंद्र आता वाकत नाही, बोलत नाही. सरळ समोर बघत निघून जातो. हिरालाल बाजूला होऊन वाट देतो. एकदा त्यानं "वीरेंद्र" म्हणून हाक मारली होती. तो थांबला, वळला नाही, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि गेला. हिरालालला तेवढंच पुरलं असं म्हणता येणार नाही, पण त्यापेक्षा जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही हे त्याला कळतं.

गेल्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. तुळसाबाई आता परत बाजारात येऊ लागली होती. ती आणि हिरालाल भाजी घेऊन चिंचेखाली टेकले होते. जिजाबाई आणि रीना समोरून आल्या. जिजाबाई थांबली. वर्षभरात ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून घडी घातलेला सरकारी कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"वाच."

हिरालालनं हात धोतराला पुसले आणि कागद घेतला. वनविभागाचं पत्र होतं, तिच्या जंगलातल्या शेताच्या पट्ट्याबद्दल. त्यानं सावकाश, एक-एक ओळ वाचली, अवघड शब्द आला तिथे थांबून अर्थ सांगितला. सुनावणीची तारीख दोनदा सांगितली. 

जिजाबाईनं कागद त्याच्या हातातून घेतला आणि रीनाकडे दिला.

"आता तू वाच."

रीना अवघडली. तिनं एकदा हिरालालकडे पाहिलं. मग तिनं तोच कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. जिजाबाई डोळे मिटून ऐकत होती. मधेच एका आकड्याशी तिनं बोट वर केलं आणि रीनाला तो परत वाचायला लावला. हिरालाल मान खाली घालून बसला होता. लोक जात-येत होते, कोणी थांबून पाहत होतं. त्यानं उठायचा प्रयत्न केला नाही.

वाचून झालं. दोघांचं वाचणं जुळलं.

"ठीक हाय," जिजाबाई म्हणाली. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी कमरेला खोचली आणि मिठाच्या दुकानाकडे निघाली.